‘पहाटे लवकर निघा’ या सल्ल्याची चिकित्सा

नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात पुण्याहून अलिबाग, काशीद, मुरूडला गाडीने जायचं ठरवलं की एक सल्ला हमखास मिळतो: पहाटे लवकर निघा. सल्ला इतका साधा आहे की तो तपासून बघावा असं कोणाला वाटत नाही. पण संशोधनाकडे वळायचं तर अशाच गोष्टी तपासायची सवय लागते. म्हणून आज हा सल्ला घेऊ. तो तपासायला एक नावाजलेला पेपर वापरू, आणि मग त्या पेपरचीही उलटतपासणी करू.

आधी रस्ता डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून द्रुतगती मार्गाने घाट उतरायचा, खोपोलीला बाहेर पडायचं आणि पेण, वडखळ करत अलिबाग गाठायचं. श्रीवर्धन-दिवेआगरला जाणारे काहीजण खोपोलीहून पाली-वाकण रस्ता धरतात. कल्याण-बदलापूरकडचे नेरळ-कर्जतवरून खोपोलीत येतात. त्याच आठवड्यात कर्जतच्या फार्महाऊसवर, महडच्या वरदविनायकाला आणि पालीच्या बल्लाळेश्वराला येणारे वेगळेच. म्हणजे समुद्र बघायला निघालेल्यांची गर्दी समुद्रापासून लांब, खालापूर तालुक्यात साठते. सहलीच्या कागदावर मात्र या तालुक्याची नोंद ‘नाश्ता’ एवढीच असते.

आता पेपर. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त वाहतूककोंडीवर एक लेख लिहिला. (१९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी.) त्यातलं मॉडेल ‘बॉटलनेक मॉडेल’ म्हणून ओळखलं जातं. रस्त्यात एक अरुंद जागा आहे, तिथून तासाला ठरावीकच गाड्या सुटतात. त्याहून जास्त आल्या की रांग लागते. प्रत्येकजण दोन त्रास तोलून निघायची वेळ ठरवतो: रांगेत थांबायचा आणि नको त्या वेळी पोचायचा.

एक उदाहरण सोडवू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, मोजलेले नाहीत. अरुंद जागेतून तासाला १००० गाड्या सुटतात. सकाळी ७ पर्यंत त्याहून कमी येतात. ७ ते १० तासाला १५०० येतात, १० नंतर ६००. दर तासाला ५०० गाड्या तुंबतात, म्हणजे १० वाजता रांगेत १५०० गाड्या असतात. शेवटच्या गाडीला दीड तास थांबावं लागतं. १० नंतर रांग तासाला ४०० ने कमी होते, म्हणजे ती संपायला पावणेदोन वाजतात. १२ वाजता आलेल्यापुढेही ७०० गाड्या असतात, त्याला ४२ मिनिटं थांबावं लागतं. ‘जरा गर्दी ओसरली की निघू’ हा बेत का फसतो ते यात दिसतं. गाड्या यायच्या कमी होतात तेव्हा रांग सर्वात लांब असते.

आता मुख्य गोष्ट. बरोबर ७ वाजता, रांग लागायला सुरुवात होताना आलेल्या एका जादा गाडीचा विचार करा. ती स्वतः शून्य मिनिटं थांबते. पण तिच्यामागून पावणेदोनपर्यंत सुटणारी प्रत्येक गाडी ३.६ सेकंदांनी मागे जाते. अशा ६७५० गाड्या आहेत. सगळ्यांचा मिळून उशीर होतो पावणेसात तास! उलट १२ ला येऊन ४२ मिनिटं थांबलेली गाडी मागच्यांना एकूण साधारण एका तासाचाच उशीर करते. जो सर्वात कमी थांबला, त्याने इतरांचा सर्वात जास्त वेळ घेतला.

म्हणजे सल्ला चुकीचा आहे का? अर्धा. ६ ला तिथून पार झालात तर कोणाचंच काही अडत नाही. ७ ला आलात तर फक्त तुमचं अडत नाही. ‘लवकर’ आणि ‘रांग लागायच्या आधी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सल्ला देणारा त्या एकच धरतो. शब्दाची व्याख्या सैल ठेवली की निष्कर्ष कसा निसटतो, याचं हे साधं उदाहरण.

इथपर्यंत पेपरने साथ दिली. आता त्याची बाजू तपासू.

पहिली अडचण: या मॉडेलमध्ये रांगेला लांबी नसते. गाड्या जणू एकावर एक रचल्यासारख्या अरुंद जागेशी थांबतात. गणित सोपं व्हावं म्हणून ही सूट घेतलेली आहे, आणि हमरस्त्यावर एकटाच चालक धरला तर ती चालूनही जाते. पण प्रत्येक गाडीला ७ मीटर जागा धरा. १५०० गाड्या एका पदरात उभ्या केल्या तर रांग १० किलोमीटरच्या पुढे जाते. एवढ्या अंतरात गावांचे फाटे येतात, शाळा येतात, दवाखाने येतात. ज्याला समुद्राकडे जायचंच नाही, ज्याला फक्त रस्ता ओलांडून पलीकडच्या वाडीत जायचंय, तोही अडकतो. वर काढलेल्या पावणेसात तासांत त्याचा एक सेकंदही नाही.

दुसरी अडचण: मॉडेलमधला प्रत्येकजण वेळ निवडू शकतो. सहलीला निघालेला माणूस खरंच निवडू शकतो. दिवससुद्धा बदलू शकतो. पण ज्याची डायलिसिसची वेळ ठरलेली आहे, ज्याला पाळी संपवून एसटीने घरी जायचंय, ज्याचं दूध वेळेत पोचलं नाही तर नासतं, त्याने काय निवडायचं? शिवाय त्याचा तोटा मिनिटांच्या हिशेबाने सरळ वाढत नाही. दहा मिनिटं उशीर चालतो, पण शेवटची लोकल चुकली की रात्र जाते. विकरींचा उपाय होता गर्दीच्या वेळेनुसार बदलता टोल. तो योग्य बसवला तर कागदावर रांग नाहीशी होते. पण ज्याला वेळ निवडता येत नाही त्याच्यासाठी तो उपाय नाही, दंड आहे.

कोणाचा वेळ मोजायचा हे सरकारही ठरवत असतं. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. निर्णय समजण्यासारखा आहे, पण ट्रकचालकाचे थांबलेले तास कोंडीच्या हिशेबात येत नाहीत. कोंडी कमी झाली असं आपण म्हणतो, तेव्हा तिचा काही भाग मोजणीबाहेर गेलेला असतो.

यावरून पेपर टाकाऊ ठरवू नका. नवे विद्यार्थी टीका लिहिताना इथे घाई करतात. विकरींचा प्रश्न चालकांनी वेळ कशी निवडावी हा होता, आणि त्याचं उत्तर आजही उपयोगी आहे. चूक होते ती आपण ते उत्तर उचलून ‘खालापूरला कोंडीचा किती त्रास होतो’ या वेगळ्याच प्रश्नाला लावतो तेव्हा. टीकेत हे दोन प्रश्न वेगळे मांडता आले, तर निम्मं काम झालं.

आणि खरंच सहलीला जाणार असाल तर? बेत उलट्या टोकाने आखा. ओहोटीपासून सुरुवात करा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत फक्त ओहोटीत जाता येतं, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ही वेळ तुमच्या उशिरासाठी थांबणार नाही. तिथून मागे मोजत या, आणि रांग लागायच्या आधी खोपोली पार होत नसेल तर दिवस बदला. पहाट बदलून उपयोग नाही.

शेवटी एक गृहपाठ. तुमच्या संशोधन प्रस्तावातलं ‘व्याप्ती आणि मर्यादा’ हे प्रकरण उघडा. त्यात ‘वेळेअभावी’, ‘साधनांअभावी’ अशी वाक्यं असतील. ती राहू देत. त्यांच्याखाली अजून एक वाक्य लिहा: माझ्या मोजणीत कोण येत नाही, आणि तो आला असता तर माझा निष्कर्ष बदलला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर का नाही, ते दोन ओळींत लिहा. ‘माहीत नाही’ असेल, तर एक दिवस खोपोलीच्या फाट्यावर वही घेऊन उभे राहा, आणि गाड्यांसोबत रस्ता ओलांडायला थांबलेली माणसंही मोजा.