तसबिरीतला उजेड कुणाचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासारख्या गावात घराच्या भिंतीवर बापाची तसबीर लागते, तेव्हा आपला माणूस होऊन गेला याची साक्षच तिथे टांगली जाते. त्या छायाचित्राला तैलचित्राचे रूप द्यायचे कसे आणि किती, हा वाद म्हणूनच सामाजिक आहे.

या कलेत दाखला दिला जातो तो रेम्ब्रांटचा (१६०६–१६६९). एका बाजूने, जरा वरून उजेड. अंधारातल्या गालावर प्रकाशाचा लहानसा त्रिकोण. दारातून येणाऱ्या उजेडातही हे साधते. पण रेम्ब्रांटने म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या पुसल्या नाहीत; त्यांतूनच माणूस उभा केला. आमच्याकडे पूर्वी स्टुडिओतला कारागीर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवी. आज संगणक तेच करतो आणि वर कातडीही उजळवतो. गोरेपणालाच सौंदर्य मानणारी दृष्टी यंत्रातही शिरली आहे. कोडॅकच्या 'शर्ली' कार्डावर कित्येक वर्षे गोरी स्त्रीच रंगाचे प्रमाण होती.

दुसऱ्या टोकाचा कलावंत मजुराच्या सुरकुत्या गडद करून दारिद्र्याचे चित्र विकतो. दोघेही माणूस हिरावून घेतात.

सुटाबुटातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीत नाकारलेल्या प्रतिष्ठेवर सांगितलेला हक्क दिसतो. तो हक्क आमच्या आयांनाही हवा. पांढऱ्या भिंतीवरून उजेडाचे माप घेतले, की सावळा चेहरा काळोखात बुडतो. माप चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाचे घ्या, सावलीच्या बाजूला पांढरे धोतर धरा. चेहरा उजळ दिसेल आणि रंग तिचाच राहील.