‘अल् मैदान’ : चौक आणि मतपेटी

जिहान नुजैम ह्यांचा ‘अल् मैदान’ हा कैरोच्या तहरीर चौकावरील अनुबोधपट २०१३ साली प्रथम प्रदर्शित झाला व पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. मुबारक ह्यांच्या पदत्यागाची वार्ता ११ फेब्रुवारी २०११ रोजी चौकात आली, तेव्हाचा जनसमुदाय पाहून अंगावर रोमांच उभे राहतात. त्याहूनही आम्हांस भावला तो मुस्लिम ब्रदरहुडचा एक साधा सभासद. संघटनेची आज्ञा आणि चौकात भिन्न मताच्या सोबत्यांशी जडलेला स्नेह ह्यांमधील त्याची ओढाताण दिग्दर्शिकेने मोठ्या सहृदयतेने टिपली आहे.

परंतु हा चित्रपट चौकात रमतो. मतपेटीकडे जाताना त्याचे पाय जड होतात. मे २०१२ मधील अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत ब्रदरहुडचे मुहम्मद मुर्सी ह्यांना सुमारे २५ टक्के आणि मुबारकांचे अखेरचे पंतप्रधान अहमद शफीक ह्यांना सुमारे २४ टक्के मते पडली. हमदीन सबाही व अबुल फुतूह ह्या दोघांची मते मिळून ३८ टक्क्यांच्या वर गेली, तरी जूनच्या अंतिम फेरीत दोघेही नव्हते. आता ज्याला क्रांती प्रिय, पण धर्माचे राज्य नको, त्याने काय करावे? ज्याला धर्म प्रिय, पण संघटनेची हुकमत नको, त्याने?

ह्या पेचातून इजिप्तमध्ये एक शब्द जन्मास आला : ‘लिंबू पिळणारे’. न रुचणारी गोष्ट गिळावयाची तर लिंबू पिळावे, असा तिकडचा वाक्प्रचार. जुनी राजवट परतू नये म्हणून मन मारून मुर्सींना मत देणारे ते हे लोक. (आपल्याकडे लिंबू दृष्ट काढावयास लागते, तिकडे ते मत द्यावयास लागले!) मुर्सींना ५१.७ टक्के मते मिळाली. त्यांतील श्रद्धेची किती आणि लिंबाची किती, हे आकडा सांगत नाही. ते कलावंताने घराघरांत शिरून दाखवावयाचे असते. ‘अल् मैदान’ला तेवढी उसंत नाही. निवडणूक त्याला क्रांतीची फसवणूकच वाटते, म्हणून मतदाराच्या अंतःकरणाचा विचार तेथे खुंटतो.

३ जुलै २०१३ रोजी लष्कराने मुर्सींना पदच्युत केले. १४ ऑगस्टला राबिआ चौकात त्यांचे शेकडो समर्थक मारले गेले. त्या सायंकाळी एखाद्या लिंबू पिळणाऱ्याच्या घरी काय बोलणे झाले असेल, ते आम्हांस ह्या चित्रपटात ऐकावयाचे होते.