डम्पिंगवर काय सापडलं ते नंतर, आधी कुठे शोधलं ते सांगा

‘डम्पिंग ग्राउंडच्या मातीत आरोग्यास घातक जिवाणू आढळले’ अशा धर्तीचे शोधनिबंध शोधायला गेलात तर डझनाने मिळतील. शहराचं नाव बदलतं, बाकी मजकूर जवळपास तोच. मी पीएचडीसाठी कचऱ्यातल्या जिवाणूंवरच काम करते, त्यामुळे असले निबंध वाचणं हा रोजचाच उद्योग आहे. आज त्यांच्याबद्दल थोडं कडू बोलायचंय. उदाहरण म्हणून उत्तन घेऊ, कारण तिथे हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भाईंदरच्या पश्चिमेला, खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये, धारावी बेट आहे (झोपडपट्टीवाली धारावी नव्हे). उत्तन, चौक, पाली, डोंगरी ही गावं तिथली. कोळी आणि ख्रिस्ती वस्ती, मासेमारी, सुकवलेले बोंबील, थोडी शेती, विहिरी. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या मीरा-भाईंदर शहराचा कचरा याच बेटावरच्या धावगी डोंगरावर नेला जातो. तिथे आगी लागतात, धूर खाली उतरतो, पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी उताराने वाहतं. गावकऱ्यांची आंदोलनं झाली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. आता असं समजा की डोंगराखालच्या घरातली एखादी बाई तुम्हाला विचारते, ‘आमच्या विहिरीचं पाणी पोरांना देऊ की नको?’ वर सांगितलेल्या धर्तीचा निबंध हातात घेऊन तुम्ही तिला काय उत्तर द्याल?

काहीच देता येणार नाही. का ते सांगते.

या निबंधांची रीत अशी. ढिगाऱ्यातून पाच-दहा ठिकाणची माती घ्यायची, निर्जंतुक पाण्यात मिसळून पातळ करत न्यायची, अगरच्या प्लेटवर पसरायची आणि प्लेटी ३७ अंशांवर एक-दोन दिवस ठेवायच्या. उगवलेल्या ठिपक्यांमधून वेगळे दिसणारे निवडायचे, ग्रॅम स्टेनिंग आणि बायोकेमिकल चाचण्या करायच्या, पैसे असतील तर १६एस जनुकाचा क्रम वाचून घ्यायचा. मग तक्ता: बॅसिलस, सुडोमोनास, क्लेब्सिएला, ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस. पुढच्या परिच्छेदात या प्रत्येकामुळे कोणते आजार होतात ते पाठ्यपुस्तकातून उतरवून घ्यायचं. आणि शेवटी, ‘परिसरातील नागरिकांच्या आरोग्यास गंभीर धोका.’

तक्ता आणि ते शेवटचं वाक्य यांच्यामध्ये जो पूल लागतो, तो बांधलेलाच नसतो.

पहिली गोष्ट, या यादीत जे येतं ते बरंचसं प्लेटच ठरवते. मातीत सूक्ष्मदर्शकाखाली जेवढे जिवाणू दिसतात त्यातले साधारण एक टक्का, कधी त्याहूनही कमी, नेहमीच्या माध्यमावर उगवतात. स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये या तफावतीकडे बोट दाखवलं, त्यालाही आता चाळीस वर्षं झाली. बॅसिलस जवळपास प्रत्येक यादीत का असतो? तो बीजाणू करून ऊन, उष्णता, कोरडेपणा सगळं सोसतो आणि अगरवर झटकन वाढतो म्हणून. अंगणातली माती आणा, त्यातही सापडेल. उलट ढिगाऱ्याच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, तिथे मिथेन तयार करणारी आख्खी वसाहत असते. तोच मिथेन आगींना खाद्य पुरवतो. ती मंडळी साध्या प्लेटवर कधीच दिसत नाहीत.

आणि आपल्या भागापुरतं बोलायचं तर सर्वांत महत्त्वाचं नाव या यादीत असूच शकत नाही: लेप्टोस्पायरा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली ती आठवत असेल. कचरा असला की उंदीर-घुशी, त्यांचं मूत्र साचलेल्या पाण्यात, आणि त्या पाण्यात आपले पाय. हा जिवाणू वाढवायला खास माध्यम लागतं, ३० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि वाट पाहावी लागते ती आठवडेच्या आठवडे. दोन दिवसांत प्लेटी धुऊन टाकणाऱ्याला तो दिसणार कसा? म्हणजे ज्याची भीती बाळगायला हवी तो यादीबाहेर, आणि अंगणातला बॅसिलस ठळक अक्षरांत.

नावांचंही तसंच. १६एस वरून ई. कोलाय आणि आमांश करणारा शिगेला यांच्यात भरवशाने फरक करता येत नाही, इतके ते दोघे जवळचे. शिवाय ई. कोलायचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात गुण्यागोविंदाने नांदतात. रोग करणारा प्रकार आहे का, हे त्याची विषारी जनुकं तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ती तपासणी या निबंधांत क्वचित असते.

आता अँटिबायोटिक्सचा भाग. हल्ली याच्याशिवाय निबंध छापून येत नाही, आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच येते. प्लेटवर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, भोवतीची मोकळी जागा मोजायची आणि ‘सर्व क्लेब्सिएला अँपिसिलिनला दाद देत नाहीत’ असं लिहायचं. अहो, क्लेब्सिएला अँपिसिलिनला उपजतच दाद देत नाही! डम्पिंगवरचा असो की कुठलाही. सुडोमोनास एरुजिनोसाचंही तेच. मग येतो ‘एमएआर इंडेक्स’: जितक्या औषधांना जिवाणू दाद देत नाही ती संख्या भागिले तपासलेली एकूण औषधं. उत्तर ०.२ च्या वर गेलं की ‘अतिधोकादायक स्रोत’. हा निर्देशांक क्रंपरमन यांनी १९८३ मध्ये मांडला तो ई. कोलायसाठी, अन्नात आलेली विष्ठेची घाण कुठून आली असावी याचा माग काढायला. तो बॅसिलसला लावणं म्हणजे माणसाचा ताप मोजायची पट्टी कोंबडीला लावण्यासारखं आहे. कोंबडी कायमच तापलेली निघणार.

आता म्हणाल, सगळं वाईटच का? नाही. यातले बरेच निबंध एमएस्सीच्या प्रोजेक्टमधून येतात. तीन-चार महिने, तुटपुंजं अनुदान, एक इन्क्युबेटर आणि त्यावर दहा जणांची रांग. पोरं प्रामाणिकपणे खपतात. ढिगाऱ्यावर जाऊन माती आणणं हेही सोपं काम नाही. माझा राग त्यांच्यावर नाही. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर निष्कर्षात लिहायची जी सवय आम्हा मंडळींना लागली आहे, तिच्यावर आहे.

प्रश्न नीट विचारला तर काय होतं याचा नमुना आपल्याच देशातला आहे. २०११ मध्ये वॉल्श आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत एनडीएम-१ या जनुकाचा शोध घेतला. हे जनुक असलं की कार्बापेनेम ही राखीव औषधंही निकामी होतात. त्यांनी घेतले नळाचे ५० नमुने आणि गल्लीबोळांत, रस्त्यांवर साचलेल्या पाण्याचे १७१. जनुक सापडलं अनुक्रमे २ आणि ५१ नमुन्यांत. तुलनेसाठी ब्रिटनमधल्या कार्डिफच्या सांडपाण्याचेही नमुने घेतले होते, त्यात ते सापडलं नाही. आपल्याकडे त्यावर बराच गदारोळ झाला, शहराच्या नावापासून हेतूपर्यंत सगळं काढलं गेलं. पण रचना बघा. जिथे माणूस पाणी पितो आणि जिथे त्याचा पाय पडतो, तिथे शोधलं. एकच ठरावीक जनुक शोधलं. आणि तुलनेला दुसरी जागा ठेवली. मातीच्या निबंधांत नेमक्या या तिन्ही गोष्टी नसतात.

हीच नजर उत्तनला लावू. डोंगरावरचा जिवाणू माणसापर्यंत पोचणार कसा? सर्वांत जवळची वाट हाताची आहे. कचरा उपसणारे आणि वेचणारे कामगार, त्यात मिसळलेल्या सुया, काचा, डायपर, सॅनिटरी पॅड. इथे जिवाणूंचा धोका सरळ आणि रोजचा आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन, हातमोजे, बूट आणि हात धुवायला पाणी एवढ्याने त्यातला बराच कमी होतो. त्यासाठी नव्या संशोधनाची वाट बघायची गरज नाही.

दुसरी वाट हवेची. इथे लोकांचा समज आणि विज्ञान यांची थोडी फारकत होते. वास येतो म्हणजे जिवाणू येतात, असं नसतं. हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो आणि लांबवर जातो. जिवाणू आणि बुरशीचे कण त्यामानाने लवकर विरळ होतात. इंग्लंडमध्ये उघड्यावरच्या कंपोस्ट प्रकल्पांसाठी २५० मीटरच्या आत वस्ती आहे का, हे बघतात. कंपोस्ट प्रकल्प म्हणजे आपलं डम्पिंग नव्हे, तरी अंदाज येतो. मग दूरच्या घरांना धोका नाही? आहे, पण तो धूर आणि वायूंचा. इटलीतल्या लात्सिओ प्रांतात नऊ कचराभूमींच्या पाच किलोमीटर परिसरातल्या सुमारे २ लाख ४२ हजार लोकांचा माग काढला गेला. तो अभ्यास २०१६ मध्ये आला. जिथे हायड्रोजन सल्फाइडचा अंदाज जास्त, तिथे श्वसनाच्या आजारांनी इस्पितळात जाणं जास्त दिसलं, फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यूही. तिथे आपल्यासारखी कायमची धुमसती आग धरलेली नाही, हे लक्षात ठेवा. उत्तनच्या धुराने खोकणाऱ्या माणसाला ‘तुमच्या मातीत क्लेब्सिएला सापडला’ असं सांगणं म्हणजे त्याच्या तक्रारीचा विषयच बदलणं आहे. आणि महापालिकेच्या वकिलाला हे फार सोयीचं पडेल. क्लेब्सिएला सगळीकडेच असतो, तो उभा राहून म्हणेल, आणि ते खरंच असेल.

उरली पाण्याची वाट, म्हणजे त्या बाईच्या विहिरीची. गंमत पाहा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कचराभूमीजवळच्या भूजलात काय तपासायचं याची यादी होती. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं, पारा, नायट्रेट, क्लोराइड, फिनॉल वगैरे. जिवाणूंचं त्या यादीत नाव नव्हतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक मात्र सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय आढळता कामा नये. म्हणजे त्या नियमांप्रमाणे तपासणारा विहिरीत धातू शोधणार, निबंध लिहिणारा डोंगरावर जिवाणू शोधणार, आणि विहिरीतले जिवाणू दोघांच्याही मधून निसटणार.

ते शोधायला मोठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी एक साधी बाटली तयार केली: आत रसायन लावलेली कागदाची पट्टी, वर विहिरीचं पाणी, आणि बाटली खोलीतच ठेवून द्यायची. विष्ठेतले जिवाणू असतील तर पाणी काळं पडतं. मात्र काळी बाटली हा डम्पिंगविरुद्धचा पुरावा नाही, कारण घरामागच्या संडासाची टाकीही तेच करते. म्हणून विहिरी निवडताना डोक्याला ताण द्यायचा. काही उताराच्या खाली, काही डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, वस्ती आणि संडासाच्या टाक्या साधारण सारख्या असलेल्या. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत, एकदा ऑक्टोबरात. सोबत क्लोराइड आणि अमोनिया मोजायचं. संडासाच्या टाकीतही ते असतं, पण कचऱ्याच्या पाण्यात इतकं जास्त असतं की दोन्ही बाजूंच्या आकड्यांतला फरक बोलका ठरतो. जुलैत फक्त खालच्या बाजूच्या बाटल्या काळ्या पडल्या आणि तिथेच अमोनिया चढला, तर ते लवादापुढे ठेवता येईल. दोन्ही बाजूंच्या काळ्या पडल्या, तर भांडण डोंगराशी चालूच ठेवा, पण त्या बाईला आज संध्याकाळीच सांगा की पाणी उकळूनच द्या.