‘मेल्टडाउन’ आणि गळ्यातली गाठ

हॅरिसबर्ग विमानतळावर कुणाला सोडायला गेलात, तर नदीच्या बाजूला कूलिंग टॉवर दिसतात. स्टेट कॉलेजमध्ये नव्याने आलेला प्रत्येक मराठी विद्यार्थी एकदा तरी विचारतो, “ते काय आहे?” गाडी चालवणारा सीनियर म्हणतो, “थ्री माइल आयलंड.” मग थोडा वेळ गाडीत कुणी बोलत नाही.

माझ्या एका मित्राला गेल्या वर्षी हर्शीजवळ नोकरी लागली. त्याने घर बघितलं, ते त्या बेटापासून साधारण सहा मैलांवर. तेवढ्यात चिपळूणला त्याच्या आईने नेटफ्लिक्सवर ‘मेल्टडाउन : थ्री माइल आयलंड’ बघितली आणि रात्री फोन केला. “घर घ्या, पण त्या कंपनीच्या शेजारी नको. तिथे सगळ्यांना गळ्याचा कॅन्सर झालाय.” जैतापूरचं आंदोलन जवळून बघितलेल्या बाईंची भीती उगाच नव्हती. मी कॅन्सरच्या नोंदींवर संख्याशास्त्राचं काम करतो, म्हणून मित्राने प्रश्न माझ्याकडे ढकलला. मी चारही एपिसोड परत बघितले. तुम्हीही बघितले असतील, किंवा तुमच्याही आईने बघितले असतील, म्हणून हे लिहितोय.

किफ डेव्हिडसन यांची ही मालिका २०२२ मध्ये आली. तिचा पहिला अर्धा भाग चांगला आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे एक व्हॉल्व्ह उघडा राहतो, पाणी निसटत राहतं, कंट्रोल रूममधल्यांना उलटंच वाटतं, आणि रिॲक्टरच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळतो. बाहेर कंपनी सांगते, सगळं आटोक्यात आहे. दोन दिवसांनी गव्हर्नर थॉर्नबर्ग पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांना बाहेर पडायला सांगतात, आणि सांगितलेलं नसतानाही सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं घर सोडतात. त्याआधी बाराच दिवस ‘द चायना सिंड्रोम’ हा अणुअपघातावरचा सिनेमा थिएटरांत लागलेला होता. ही भीती मालिका मन लावून दाखवते. पुढे रिक पार्क्स हा इंजिनियर सफाईच्या कामातली घाईगडबड, नीट तपासणी न झालेल्या क्रेनचं प्रकरण उघड करतो, तो भाग तर सगळ्यात भक्कम. तिथे कागद आहेत, तारखा आहेत.

कॅन्सरचा विषय आला की मात्र मालिका कागद सोडते. रहिवासी आपल्या घरातले, ओळखीतले आजार सांगतात, संगीत गंभीर होतं, आणि कॅमेरा टॉवरकडे वळतो. ती माणसं खोटं बोलत नाहीयेत. पण अमेरिकेत दहातल्या जवळजवळ चार माणसांना आयुष्यात कधी ना कधी कुठला तरी कॅन्सर होतो. म्हणजे कुठल्याही गल्लीत चाळीस वर्षं राहिलात, तर अशी यादी तयार होणारच, टॉवर असो वा नसो. मालिका यादी दाखवते, छेद दाखवत नाही. किती माणसांत, किती वर्षांत, आणि टॉवर नसलेल्या गावात किती? हे प्रश्न कुणी विचारतच नाही.

थायरॉइडचं गणित तसं सरळ आहे. आयोडीन-१३१ गवतावर पडतं, गाय ते खाते, दुधातून ते मुलाच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं. आठ दिवसांत ते निम्मं होतं, म्हणून पहिले काही आठवडेच खरे धोक्याचे. १९८६ मध्ये चेर्नोबिलला नेमकं हेच झालं. दूध थांबवलं नाही, मुलांच्या आहारात आधीच आयोडीन कमी, आणि चार-पाच वर्षांत बेलारूस-युक्रेनमध्ये लहान मुलांत हा कॅन्सर दिसू लागला. संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २०१८ च्या हिशेबाप्रमाणे, अपघाताच्या वेळी अठराच्या आत असलेल्यांमध्ये २०१५ पर्यंत एकोणीस हजारांवर थायरॉइड कॅन्सर नोंदले गेले, आणि त्यातले साधारण चौथा हिस्सा किरणोत्सारामुळे. चौथा हिस्सा, सगळे नव्हेत. तरीही हजारो मुलं. ते कुणीही हलक्यात घेऊ नये.

आता प्रमाण बघा. चेर्नोबिलमधून आयोडीन-१३१ बाहेर पडलं ते सुमारे पावणेपाच कोटी क्युरी. थ्री माइल आयलंडमधून सरकारी अंदाज पंधरा-सतरा क्युरीचा. कोटी वगैरे काही नाही, नुसतं पंधरा-सतरा. बाकी जे उडालं ते बहुतांशी झेनॉनसारखे निष्क्रिय वायू, जे ग्रंथीत साठत नाहीत. चिमणीवरचे मीटर त्या दिवशी मोजमापाच्या बाहेर गेले होते, त्यामुळे या आकड्यावर शंका घ्यायला जागा आहे. शंभरपट चूक धरा, हजारपट धरा. तरी ते चेर्नोबिलच्या आसपास पोचत नाही.

म्हणजे “एकही माणूस दगावला नाही” म्हणणारे बरोबर? त्यांच्यावरही माझा राग आहे. ते ज्या अभ्यासाकडे बोट दाखवतात, तो पाच मैलांतल्या बत्तीस हजार लोकांच्या मृत्यूंचा आहे. थायरॉइडच्या कॅन्सरने फार कमी माणसं मरतात. ज्या आजारात माणूस बहुधा वाचतोच, तो मृत्यूच्या दाखल्यांत शोधणं म्हणजे चाळणीने पाणी मोजणं. आणि नवे रुग्ण मोजणारी पेनसिल्व्हेनियाची राज्यभराची कॅन्सर नोंदणी सुरू झाली १९८५ मध्ये, अपघातानंतर सहा वर्षांनी. आधीचं चित्रच नाही, तर बदल कशाशी ताडून बघणार? (आपल्याकडे मुंबईची नोंदणी साठच्या दशकात सुरू झाली आणि बार्शीची १९८७ मध्ये. या एका बाबतीत आपण अगदीच मागे नव्हतो.)

मग येतो २०१७ चा अभ्यास, जो मित्राच्या आईपर्यंत व्हॉट्सॲपवरून पोचला होता. तो आमच्याच विद्यापीठाच्या हर्शीतल्या मेडिकल सेंटरचा. कल्पना छान आहे: माणसं मोजण्याऐवजी गाठीलाच विचारा. चव्वेचाळीस रुग्णांचे जपून ठेवलेले ट्यूमर घेतले. त्यांतले पंधरा १९८४ ते १९९६ मध्ये आजारी पडलेले आणि अपघाताच्या वेळी त्या भागात राहणारे. बीरॅफ नावाच्या जनुकातला बदल नेहमीच्या थायरॉइड कॅन्सरमध्ये जास्त आढळतो. तुलनेच्या गटात तो ८३ टक्के निघाला, या पंधरांत ५३ टक्के. बातम्यांचे मथळे लगेच म्हणाले, संबंध सापडला.

पंधराचे ५३ टक्के म्हणजे आठ माणसं. दोन्ही गट सारखे ठरायला आणखी चार-पाच जणांत तो बदल सापडला असता तर पुरे होतं. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की तुलनेचा गट हा त्या बारा वर्षांच्या मुदतीबाहेर आजारी पडलेल्यांचा, म्हणजे वेगळ्या काळातला. आणि काळ बदलतो तशा गाठीही बदलतात. पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९७४ पासूनचे ट्यूमर तपासून २०१४ मध्ये दाखवलं की नेहमीच्या पॅपिलरी प्रकारात बीरॅफचं प्रमाण वाढत गेलं, आणि किरणोत्साराशी जोडला जाणारा एक बदल कमी होत गेला. मग हर्शीला दिसलेला फरक बेटाचा की वर्षांचा? पंधरा रुग्णांत हे वेगळं करता येत नाही. अभ्यास वाईट नाही. त्याने प्रश्न नीट मांडला, आणि मथळ्यांनी त्याचं उत्तर करून टाकलं.

हे सगळं तुमच्या कामाचं का, तर या आजाराची एक खोड आहे: शोधाल तितका सापडतो. दक्षिण कोरियात कुठलाही अपघात न होता १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण पंधरापट झालं. मृत्यू होते तिथेच राहिले. कारण हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी जोडली गेली होती. फुकुशिमानंतर सुमारे तीन लाख मुलांचे गळे तपासले, शंभरावर संशयित किंवा पक्के कॅन्सर निघाले, आणि जग हादरलं. मग दूरच्या तीन प्रांतांतल्या मुलांची तशीच तपासणी केली, तर गळ्यातल्या बारीक गाठी तिथेही जवळजवळ तेवढ्याच. दर डिसेंबरमध्ये पुण्या-मुंबईला जाऊन ‘फुल बॉडी’ उरकणाऱ्यांनो, ही गोष्ट तुमची आहे. काही त्रास नसताना गळ्यावर प्रोब फिरवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, काही सापडलं तर तुम्ही काय करणार? ग्रंथी काढली तर गोळी जन्मभराची. हाताला गाठ लागत असेल किंवा लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे तपासायलाच हवं.

मालिकेवरचा माझा मोठा आक्षेप मात्र तिने न दाखवलेल्या गोष्टीवर आहे. पन्नासच्या दशकात नेवाडात बॉम्बच्या चाचण्यांतून सुमारे पंधरा कोटी क्युरी आयोडीन-१३१ हवेत गेलं आणि देशभरच्या दुधात उतरलं. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने तो हिशेब १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून काढलेला जादा थायरॉइड कॅन्सरचा अंदाज अकरा हजारांपासून दोन लाखांवर जातो. इतका पसरट अंदाज, कारण मोजायचं तेव्हा कुणी मोजलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आज सत्तरीत असलेल्या कितीतरी आज्यांनी ते दूध प्यायलंय. त्यांच्या गावांतून टॉवर दिसत नाही, म्हणून कॅमेरा तिकडे वळत नाही.

बेट आता परत जागं होतंय. अपघात झालेलं युनिट कायमचं बंद आहे, पण शेजारचं, २०१९ मध्ये बंद केलेलं, मायक्रोसॉफ्टला वीज देण्यासाठी सुरू करायचं ठरलंय. वीस वर्षांचा करार, ८३५ मेगावॉट, डेटा सेंटरसाठी. नाव बदलून ‘क्रेन क्लीन एनर्जी सेंटर’. (हे क्रेन म्हणजे एक दिवंगत अधिकारी. मालिका बघितलेल्यांना मात्र भलतीच क्रेन आठवणार.) तुमच्यापैकी काहींची नोकरीच त्या विजेवर चालेल. या वेळी नोंदणी आधीपासून आहे, चाळीस वर्षांची. दहा मैलांतल्या गावांचे थायरॉइडचे आकडे, सोनोग्राफी किती झाल्या त्यासकट, सुरू होण्याआधीच मांडून ठेवता येतील.

मित्राने घर घेतलं. दहा मैलांच्या आत राहणाऱ्यांना राज्याचं आरोग्य खातं पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या फुकट देतं. सांगितल्यावरच घ्यायच्या, आणि त्या फक्त थायरॉइड वाचवतात. त्या त्याने आणून ठेवल्यात. मे महिन्यात आई आली, तेव्हा विमानतळावरून घरी जाताना टॉवर तिनेच आधी ओळखला. घरी पोचल्यावर तिने दूध कुठून आणता ते विचारलं, मग चहा टाकला.