भूत कोणाचे, भय कोणाचे?

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस भोरमधील काही महाविद्यालयीन विद्यार्थी माझ्याकडे आले. ३१ तारखेला पाश्चात्त्य देशांत हॅलोवीन नावाचा भुताखेतांचा सण असतो आणि पुण्यातही आता त्याच्या पार्ट्या होतात. त्या रात्री खोलीवर जमून भयपट पाहण्याचा त्यांचा बेत होता. "सर, चांगल्या भयपटांची यादी द्या," ते म्हणाले. यादी मी दिली. परंतु ती देताना एक प्रश्न मनात उभा राहिला. पडद्यासमोर बसून आपण जे भय भोगतो ते मुळात कोणाचे असते?

आपल्या समाजात माणूस मेल्यावरही त्याची जात मरत नाही. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो, ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध होतो. आमच्या वेल्ह्याच्या तोरण्यावर मेंगाईच्या देवळात मुक्काम करू नये, तेथे ब्रह्मपिशाच्च फिरते, असे गडावर येणारे हौशी लोक एकमेकांना सांगतात. पिशाच्चालासुद्धा वर्ण लागतो! ज्या संस्कृतीने भुतांचीही उतरंड लावली, तिचा भयपट जातीपासून मुक्त असेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

माझा आजा वेसकर होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होईपर्यंत ते काम त्याच्या गळ्यात होते. गावात कोणी मेले की सांगावा घेऊन जायचे ते त्यानेच. गुंजवणीच्या काठाने, अवसेच्या काळोखात, हातात एक काठी घेऊन. ज्या वाटेला दिवस मावळल्यावर गाव फिरकत नसे, त्याच वाटेने गाव त्याला एकट्याला धाडत असे. आजाऱ्यावरून ओवाळलेला उतारा शिवेवर ठेवला जाई, आणि शिवेवर वस्ती कोणाची होती हे या वाचकांना सांगायला नको. भय गावाचे होते. ते वाहून नेण्याची सक्ती आमच्यावर होती. लहानपणी मी त्याला विचारले होते, "आबा, भूत दिसलं का कधी?" तो म्हणाला, "भुतानं कधी वाट अडवली न्हाय. पाटलाच्या गड्यांनी अडवली."

आजाच्या या उत्तराची कसोटी मी चित्रपटांना लावतो. तुलसी आणि श्याम रामसे यांचा 'पुराना मंदिर' (१९८४) मी जत्रेतल्या तंबूत पाहिला. राजा सामरी नावाच्या दुष्टाचा शिरच्छेद करवतो. धड एकीकडे, मस्तक दुसरीकडे ठेवले जाते. त्याच्या शापाने राजघराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मरतात. तंबूत आम्ही किंचाळलो हे खरे. पण आज वाटते, आम्ही किंचाळलो कोणासाठी? हवेली त्यांची, वंश त्यांचा, शापही त्यांचा. रामसेंच्या चित्रपटांत गाव असते, पण ते मशाली पेटवून धावण्यापुरते. आमच्यासारख्यांच्या घरी बाळंतीण दवाखान्यावाचून मेली तर त्याला कोणत्याही सामरीची गरज लागत नव्हती.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) याहून फार वरच्या दर्जाचा आहे. १९१८ ते १९४७ या काळात एक ब्राह्मण कुटुंब वाड्याच्या पोटात दडलेल्या सोन्यासाठी हस्तरच्या तोंडी जाते. येथे भूत बाहेरून येत नाही. मालकीच्या हव्यासातून येते. प्रस्थापित वर्गाने स्वतःच्याच वाड्याचे केलेले हे शवविच्छेदन मला मोलाचे वाटते. तरीही एक उणीव राहते. वाड्यातील धनाचा शाप आपल्याला दिसतो. परंतु वाडे ज्यांच्या घामावर उभे राहिले ते लोक चौकटीबाहेरच राहतात.

विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' (२०१७) एक पाऊल पुढे जातो. उसाच्या शेतातील एकाकी घरात आलेली गरोदर स्त्री, आणि मुलगी नको म्हणून झालेल्या हत्यांचा इतिहास. चित्रपटात दिसणारी भुते ही पीडितांची आहेत. भ्यावे ते भुतांना नव्हे, तर प्रेमाने जेवू घालणाऱ्या, रूढीला धर्म समजणाऱ्या जिवंत माणसांना. माझ्या आजाचे म्हणणे मला येथे प्रथम पडद्यावर भेटले.

यादीतले शेवटचे नाव पाहून विद्यार्थी हसले. विनोद कांबळे यांचा 'कस्तुरी' भयपट नाहीच. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. शवविच्छेदनाच्या कामात मदत करणारा एक शाळकरी मुलगा अंगाचा वास जावा म्हणून कस्तुरीच्या शोधात निघतो. प्रेत पाहून प्रस्थापितांचा नायक बेशुद्ध पडतो. या मुलासाठी प्रेत हे रोजचे काम आहे. त्याला भीती वाटते ती वर्गातल्या मुलांच्या नाकाची. आपल्या जाणिवेचा भयपट कसा असेल, याची दिशा या चित्रपटात आहे.

भयपट अंधश्रद्धा वाढवतात म्हणून ते पाहूच नयेत, असे आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला, हे विसरता येत नाही. आपण तर १९५६ साली श्राद्ध-पिंडदानही सोडले. पण भूत नाकारल्याने भयाचा इतिहास पुसला जात नाही. तो आपल्या बाजूने सांगावा लागतो.

आणि सांगण्यासारखे दूर जावे लागत नाही. भोरला लागूनच पुरंदर आहे. त्याचा एक बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता, म्हणून नाथनाक आणि देवकाई या जोडप्याला पायात जिवंत पुरले, अशी आख्यायिका आहे. 'नाक' हा शेवट कोणाच्या नावांचा असे, ते कोरेगावच्या स्तंभावर वाचता येते. आख्यायिकेतला इतिहास किती, हे संशोधकांनी ठरवावे. परंतु बुरूज उभा राहण्यासाठी कोणाला पुरावे, याबद्दल ती सांगणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती. किल्ल्यांवर इतके चित्रपट झाले. बुरुजाच्या आतून बाहेर पाहणारा कॅमेरा मी अजून पाहिलेला नाही.

विद्यार्थ्यांनी त्या रात्री 'कस्तुरी' सर्वांत शेवटी लावला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण एकटाच आला आणि म्हणाला, "सर, माझे वडील नगरपालिकेत सफाईला आहेत. मी मित्रांना कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं."

पुढची यादी मी त्यालाच करायला सांगितली आहे.