वामनाची मागणी : ‘वामन परत न आला’मधील यंत्रबुद्धीचा विचार

यंत्राला बुद्धी असते म्हणजे नेमके काय असते, हा प्रश्न मराठी विज्ञानसाहित्यात जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीइतक्या थेटपणे क्वचितच उपस्थित झाला आहे. जमिनीत खोलवर सापडलेली एका प्राचीन, प्रगत संस्कृतीची पेटी, तिच्यातील माहितीच्या आधारे घडविलेला वामन हा यंत्रमानव आणि स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याची त्याला लागलेली ओढ, असे तिचे कथासूत्र आहे.

अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये यंत्र विचार करते काय हा वाद बाजूला सारून, लेखी संभाषणात ते माणसापासून वेगळे ओळखता येते काय, ही कसोटी सुचविली. नारळीकरांची कसोटी निराळी आहे. वामन भीतिदायक ठरतो तो त्याच्या हुशारीमुळे नव्हे. त्याला काहीतरी हवे आहे, यामुळे. सांख्यदर्शनानुसार बुद्धी हा प्रकृतीचाच परिणाम, म्हणून ती स्वभावतः जड. निश्चय करणे हा तिचा धर्म. ‘मी’ आणि ‘माझे’ हा भाव तिच्यापासून उद्भवणाऱ्या अहंकाराचा. या दृष्टीने पाहता, वामनाची बुद्धी रंगविताना कादंबरीकाराने वस्तुतः त्याचा अहंकार रंगविला आहे, असे म्हणावे लागते. (‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या रूढ संज्ञेतही हा भेद लोपलेलाच आहे.)

कादंबरीची मर्यादाही येथेच जाणवते. आजच्या भाषिक प्रारूपांचे मूळ कार्य आधीच्या मजकुरावरून पुढील शब्दाची संभाव्यता ठरविण्याचे. त्यांच्या प्रती निघण्यासाठी त्यांना इच्छा असावी लागत नाही. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात आहेत तशा डेटा सेंटरांच्या जगात एकाच प्रारूपाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालविणे हा नित्याचा तांत्रिक व्यवहार होय. वामनाला जे हवेसे वाटावे लागले, ते आजच्या यंत्राला न मागताच मिळते. त्यामुळे इच्छेत धोका शोधणारी ही मांडणी आजच्या यंत्राला पुरी पडत नाही.

नामयोजना मात्र अधिक दूरवर पोहोचते. पुराणातील वामन तीन पावले भूमी मागतो आणि शुक्राचार्यांनी सावध करूनही बळी ती देतो. त्या कथेतील निर्णय मागणाऱ्याचा नाही, देणाऱ्याचा आहे. कादंबरीचे वाचन वामनाकडून बळीकडे वळविले, तर शास्त्रज्ञांची पात्रे अधिक महत्त्वाची ठरतात आणि लयास गेलेली ती प्राचीन संस्कृती शुक्राचार्यांच्या जागी उभी राहते.