महागाईच्या आकड्यात तुमचे घर कुठे आहे?

कावेरी आणि कपिला यांच्या संगमावरचे टी. नरसीपूर हे नगर. जवळचे सोसले हे खेडे. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात ‘घर’ या गटाचा अखिल भारतीय शहरी भारांक २१.६७ टक्के होता, ग्रामीण भारांक शून्य. म्हणजे नगराची हद्द ओलांडली की हिशेबापुरते डोक्यावरचे छप्परच नाहीसे! कारण असे दिले जाई की, खेड्यात भाड्याचा बाजारच नाही, मग भाव कोणता नोंदवणार? अडचण खरी आहे. पण भाव मिळत नाही म्हणून निवाऱ्याचा खर्चच नाही, असे ठरत नाही.

आता शहरी आकडा तपासा. घर विकत घेणे ही गुंतवणूक मानतात, म्हणून घराची किंमत किंवा कर्जाचा हप्ता निर्देशांकात येत नाही. मालक स्वतः राहत असेल, तर त्या घराला किती भाडे आले असते ते धरतात. यालाच आरोपित भाडे म्हणतात. हा विचार योग्यच आहे. हप्ता धरला असता, तर महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवताच निर्देशांक वर गेला असता.

मात्र फ्रिजला वेगळा न्याय मिळतो. तोही दहा वर्षे वापरायचा, पण त्याची पूर्ण किंमत खरेदीच्या वेळीच खर्चात पडते. ही सोय आहे, सिद्धांत नव्हे.

खरा दोष सरकारी निवासस्थानांत होता. तिथे कर्मचाऱ्याला न मिळणारा घरभाडे भत्ता भाड्यात मोजला जाई. जुलै २०१७ पासून केंद्राने भत्ता वाढवला आणि निर्देशांकातले घरभाडे चढले. खाजगी भाडेकरूचे भाडे त्यामुळे वाढले नव्हते! रिझर्व्ह बँकेला हा परिणाम वगळून महागाईचा वेगळा आकडा सांगावा लागला.

२०२४ पायाभूत वर्षाच्या नव्या मालिकेत ग्रामीण घरभाडेही घेतले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरी एक मर्यादा उरतेच. जागेचे भाव भाड्यापेक्षा वेगाने वाढले, तर घरासाठी पैसे साठवणाऱ्या तरुणाची ओढाताण या आकड्यात दिसणार नाही.

स्वाध्याय: तुमच्या घराचा वार्षिक खर्च तीन प्रकारे काढा: खरेदी किमतीवरून, हप्त्यांवरून आणि आरोपित भाड्यावरून. तीन उत्तरे वेगळी येतील. पुढे कोणी महागाईचा आकडा सांगितला, की त्यात घर कोणत्या पद्धतीने धरले आहे, हे आधी विचारा.